चंदगडचे उंदीर

आमच्या सरांना येडं म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. कोल्हापुरातलं एक औषधशास्त्राचं कॉलेज, आणि आणीबाणी उठली त्याच्या मागची-पुढची वर्षं. मी मूळचा मुरगूडचा, बी.एस्सी. कसाबसा झालेला, अंगानं दणकट आणि अकलेनं बेताचा. दिवसा प्रयोगशाळा आणि पाचच्या ठोक्याला तालीम, एवढंच माझं जग. सरांचं जग त्याहूनही लहान होतं. ते उंदराच्या मेंदूत मावायचं.

उंच माणूस, थोडा पोक काढून चालणारा. ऐन मे महिन्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्याच्या दोन्ही खिशांत शेंगदाणे. ते उंदरांसाठी असायचे, पण सर स्वतः त्यातलेच खायचे आणि कॉलेज तपासायला आलेल्या साहेबांपुढंही तीच मूठ धरायचे. ज्या उंदरावर उद्या प्रयोग, त्याला आज गूळ-शेंगदाणे मिळायचे. मी एकदा म्हटलं, "सर, उद्या मान कापायची, मग आज एवढा पाहुणचार कशाला?"

"उद्या मान तू कापणार आहेस ना? मग आज गूळ द्यायला तुझं काय जातंय?" सर म्हणाले. मी गूळ फोडायला बसलो.

आमचं काम असं होतं. आमच्याकडं म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटतं आणि तो भाग मरायला लागतो. पण एका दमात मरत नाही, हळूहळू मरतो. तो पुरता मरायच्या आत औषध पोचलं तर काही पेशी वाचतात का, हे सर बघत होते. उंदराला बेशुद्ध करायचं, मानेतल्या रक्ताच्या नळ्या बारीक चिमट्यानं काही वेळ दाबून धरायच्या, सोडायच्या, आणि मग पोटात औषधाची सुई. दुसऱ्या दिवशी उंदीर आडव्या दांडीला लोंबकळून किती वेळ टिकतो ते मोजायचं, आणि शेवटी मेंदूचे काप काढून किती भाग मेला ते बघायचं.

त्यात सरांचं वेड कुठं आलं? तर ते असं. बाहेरच्या प्रयोगशाळांचे जेवढे लेख आमच्याकडं यायचे, त्या बहुतेकांत औषध आधी दिलेलं असायचं, आणि चिमटा नंतर. किंवा चिमटा काढल्या काढल्या लगेच औषध. सर ते लेख वाचून टेबलावर हात आपटायचे. "अरे, पाऊस यायच्या आधीच छत्री उघडून उभं राहायचं आणि बघा, मी भिजलो नाही म्हणून टाळ्या घ्यायच्या! माणूस काय आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन सांगतो, डॉक्टर, उद्या अकरा वाजता माझ्या अंगावरनं वारं जाणार आहे?"

म्हणून सरांनी चार पिंजरे केले. पहिल्यातल्या उंदरांना अर्ध्या तासानं औषध, दुसऱ्यातल्यांना दोन तासांनी, तिसऱ्यातल्यांना चार, आणि चौथ्यातल्यांना आठ तासांनी. पिंजऱ्यांना एक, दोन, तीन, चार अशी नावं कुणीही दिली असती. सरांनी पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या: कोल्हापूर, मुरगूड, आजरा, चंदगड. जिथनं पेशंट निघाला तिथनं दवाखान्यात सुई टोचेपर्यंत लागणारा वेळ.

सगळं कॉलेज हसायचं. व्हरांड्यातनं मी ओरडायचो, "सर, आजऱ्याचे दोन मेले!" आणि ऑफिसातले कारकून दचकायचे. आमचा शिपाई चंदगड भागातला. तो तर रागावलाच.

"सर, आमच्या गावाला कडंला का ओ टाकलासा?"

"मी टाकलं नाही, रस्त्यानं टाकलंय."

"तसं न्हवं. आमच्या उंदरांस्नी जरा लवकर द्या की औषध. तुमच्याच हातात हाय."

"यष्टी लवकर येती काय तुझ्याकडं?"

"न्हाय."

"मग उंदराला तरी लवकर कसं देऊ?"

शिपायाला ते पटलं नाही. तो चंदगडच्या पिंजऱ्यात चोरून चपातीचे तुकडे टाकायचा.

सर स्वतःही चंदगडच्याच अंगाचे. तालुक्याच्याही पलीकडं, रस्त्यापासून आत, डोंगराला चिकटलेली त्यांची वाडी. वडील भाताच्या खळ्यावर पडले, तेव्हा सर कोल्हापुरात शिकत होते. वडलांना इथं आणेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. "आधी म्हणजे केव्हा? पडायच्या आधी? गावाला एकच गाडी होती रे!" वडील पुढं चार वर्षं अंथरुणात होते, डाव्या हातानं जेवायचे आणि बोलता येत नाही म्हणून रडायचे. सरांनी ते एकदाच सांगितलं.

पण आठ तास हा आकडा त्यांनी मनानं धरला नव्हता. तो आम्ही मोजून आणला होता, आणि त्या मोजणीत मी होतो.

एका सुट्टीत सर मला वाडीवर घेऊन गेले. सकाळी न्याहारी झाल्यावर म्हणाले, "मी आता पडतो. घड्याळ बघ." आणि खरंच अंगणात आडवे झाले! चुलतभावांनी आधी घोंगडं शोधलं, मग बांबू, मग घोंगड्याची झोळी करून त्यांना खांद्यावर घेतलं. सरांची सक्त ताकीद होती की कुणी घाई करायची नाही, एरवी चालतील तसंच चालायचं. वाटेत चिखल, ओढा, पुन्हा चिखल. म्हातारी चुलती पदर डोळ्याला लावून मागनं पळत आली.

"माज्या लेकराला कुटं न्हेतासा गा?"

झोळीतनं सर म्हणाले, "काकू, मला काही झालेलं नाही."

"गप पड, बोलू नगंस, ताकद जाईल," म्हातारी म्हणाली आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली.

रस्त्याला आल्यावर गाडीची वाट बघणं झालं. गाडीत मागच्या लांब सीटवर सर आडवे आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. कंडक्टर वाकून बघून गेला. "पावणं, मास्तर लई आजारी हाईत काय?" मी काही बोलायच्या आत सर डोळे मिटूनच म्हणाले, "अजून नाही." घाटात टायर बसला. लोक उतरले, आम्ही नाही उतरलो. माझी मांडी बधिर झाली, पण सर उठेनात. "पेशंट उठून बसतो काय?" म्हणे. कोल्हापूरला उतरून मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत टांगा, तिथं केसपेपरच्या रांगेत एका अनोळखी पेशंटच्या मागं उभं राहून त्याला सुई टोचेपर्यंतचा वेळ. आठ तास आणि वर थोडी मिनिटं. वरची मिनिटं सरांनी सोडून दिली.

म्हणजे आठ तास काय असतात, हे त्या अख्ख्या कॉलेजात सरांच्या खालोखाल मला ठाऊक होतं. ते माझ्या मांडीवरनं गेले होते. दुसऱ्या कुणी पुढचा गाढवपणा केला असता तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. मला ती सोय नाही.

चंदगडचे आठ उंदीर होते. रोज एक. सकाळी अकराला सर स्वतः चिमटा लावायचे, काढायचे, उंदीर माझ्या हवाली करायचे. औषध संध्याकाळी सात वाजता मी द्यायचं. दुपारचे तास संपले की सर दवाखान्याच्या फाटकावर जाऊन बसायचे. बाहेरगावच्या नातेवाइकांना विचारायचे, कधी पडला, कधी निघालात. ते सांगायचे, म्हशीच्या धारा काढून झाल्यावर, नाहीतर मळ्यात भाकरी नेली तेव्हा. सर त्याचं घड्याळातल्या वेळेत रूपांतर करून वहीत लिहायचे. सातला प्रयोगशाळेत फक्त मी आणि उंदीर.

आणि पाचला माझी तालीम. गावच्या जत्रेत माझी कुस्ती ठरली होती. शेजारच्या गावच्या एका पोराबरोबर जोड लागली होती, आणि सगळं मुरगूड मला बघायला येणार अशी माझी समजूत. वस्तादांचा नियम कडक होता. माती उकरून झाल्यावर जो येईल तो त्या दिवशी नुसत्या बैठका मारणार. दोन दिवस मी बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी विचार केला, उंदराला काय घड्याळ कळतंय? चारच्या सुमाराला सुई दिली, वहीत सात लिहिलं आणि लंगोट घेऊन पळालो.

त्या दोन दिवसांचे उंदीर सुई दिल्यावर रात्रीतच मेले, दांडीपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून ते मोजणीत नव्हते. मोजणीतले आठही मी असेच उरकले. कधी चार, कधी साडेचार. एकदा वस्ताद लवकर बोलावणार होते म्हणून जेवणाची सुट्टी झाल्यावर थोड्याच वेळात दिलं. वहीत मात्र सगळीकडं सात. काय झकास अक्षर होतं माझं!

जत्रेतली कुस्ती मी दोन मिनिटांत हरलो. चीतपट. हेही सांगून टाकतो.

दांडीला चंदगडचे उंदीर आजऱ्याच्या उंदरांच्या तोडीस तोड टिकले. काप काढले तेव्हा मेलेला भाग पाहिजे त्याहून कितीतरी लहान. सरांनी आठही मेंदू पुन्हा पुन्हा बघितले. मग बाहेर जाऊन शिपायाला म्हणाले, "तुझं गाव वाचलं रे." शिपाई पळत जाऊन पेढे घेऊन आला आणि व्हरांडाभर वाटत सुटला. "आमच्या चंदगडचं उंदीर दांडीला लोंबकाळलं की ओ!" मला त्यानं दोन पेढे दिले, मी हातभार लावला म्हणून. मी दोन्ही खाल्ले. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. एवढं साधं होतं ते. सर ओरडले असते, हाकलून दिलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात आठ नवे उंदीर घेतले असते.

सरांनी लेख लिहिला. आठ तासांनी दिलेलं औषधसुद्धा उपयोगी पडतं, असं तोवर आमच्या ऐकिवात तरी कुणी म्हटलेलं नव्हतं. सर मोठ्या शहरातल्या एका सभेत तो वाचून आले, आणि पहिल्यांदाच स्वेटर न घालता आठवडाभर कॉलेजात आले. वर्षभरानं दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. सभ्य पत्र होतं. आम्ही आठ तासांचा प्रयोग तसाच करून बघितला, आम्हाला काहीही फरक दिसला नाही, आपण कृपया आपल्या नोंदी तपासाव्यात.

सरांनी चंदगडचा पिंजरा पुन्हा भरला. या वेळी ते स्वतः अकरापासून सातपर्यंत उंदराशेजारी स्टुलावर बसले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. आठ दिवस. एकही उंदीर दांडीला टिकला नाही.

त्यानंतर त्यांनी मला बोलावलं. समोर माझी वही उघडी होती.

"नोंद बरोबर आहे ना?"

"व्हय सर."

एवढंच विचारलं, एकदाच. माझ्यावर त्यांनी काडीचाही संशय घेतला नाही, आणि ते मला अजून सलतं. थोडासा जरी घेतला असता तरी मी तिथंच सांगून मोकळा झालो असतो, असं मी मनाला बरीच वर्षं समजावत आलो. खोटं आहे ते. नोकरी जाईल म्हणून माझी गाळण उडाली होती.

मग सर चूक स्वतःत शोधायला लागले. त्यांना एक सवय होती. उंदरांना ऊन मिळावं म्हणून ते सकाळी पिंजरे खिडकीशी आणायचे आणि पुन्हा मागं ठेवायचे. त्यांनी ठरवून टाकलं की तेव्हा पाट्या बदलल्या असणार, आजऱ्याचे उंदीर चंदगडच्या पिंजऱ्यात गेले असणार, किंवा उलटं. आणि एकदा बदलल्या तर किती वेळा बदलल्या कुणी सांगावं? त्यांनी सगळंच मागं घेतलं. नुसतं चंदगड नव्हे, आजरा, मुरगूड, कोल्हापूरसुद्धा. प्राचार्य म्हणाले, अहो, बाकीचं तरी राहू द्या. सर म्हणाले, "ज्याचे हात चुकलेत त्याच्या कुठल्या पिंजऱ्यावर विश्वास ठेवायचा?"

शिपायानं पाट्या काढल्या. "गेलं म्हणायचं आमचं गाव," तो म्हणाला.

पुढं सरांनी उंदराला हात लावला नाही. वर्गावर मात्र जात राहिले. फळ्यावर औषधाची मात्रा लिहायचे, पुसायचे, तीच पुन्हा लिहायचे, आणि पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणायचे, जरा पुस्तकात बघून सांगतोस का रे, बरोबर आहे ना? पोरं हसायची. मी दारात उभा राहून ऐकायचो. मला तोवर पगारवाढ मिळाली होती, लग्न झालं होतं.

सर निवृत्त झाले. आणखी काही वर्षं गेली. आणि एक दिवस त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो, कॉलेजात माझी चौकशी करत आल्या. हातात भाजीची पिशवी. मी खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"तुम्ही तेव्हा होता ना त्यांच्याबरोबर? एकदा घरी येऊन त्यांना काहीतरी समजवा. जुन्या वह्या काढून बसतात. पिंजरे कसे ठेवले होते त्याची चित्रं काढतात, खोडतात. घरातनं निघालो तर कुलूप लावलं का बघायला चारदा परत येतात. परवा नातवाला औषध द्यायचं होतं, तर चमचा माझ्या हातात दिला. म्हणाले, माझा हात नको, मी चुकतो." बाईंचे डोळे भरले. "एवढा हुशार माणूस हो. आता स्वतःच्या हाताला भितोय."

त्याच दुपारी मी गेलो. जायच्या आधी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय उपेग?" मी म्हटलं, "उपेग असू दे नाहीतर नसू दे."

सर बाहेरच्या खोलीत बसले होते. केस पांढरे झालेले, स्वेटर तोच असावा. वह्यांचा ढीग शेजारी. मला बघून एवढे खुश झाले की मला तिथनं परत फिरावंसं वाटलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तालीम, बैठका, चार वाजता सुई, वहीत सात. आठही उंदीर.

सर आतल्या दाराकडं वळून ओरडले, "अगं! ऐकलंस का? पिंजरे मी बदलले नव्हते!"

बाई हात पुसत बाहेर आल्या. सर त्यांना पुन्हा सांगायला लागले, "मी नाही बदलले गं. पाट्या बरोबर होत्या. माझ्या हातनं काही झालेलं नव्हतं." स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून ते त्यांच्याकडं बघत होते. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांचं ते बघणं मी या जन्मात विसरणार नाही.

मी सरांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला अर्ध्यातनंच उठवलं. रागावण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते ढिगातनं ती वही उपसत होते.

"थांब, थांब. म्हणजे ते आठ तास नव्हतेच. अकराला चिमटा, चारला औषध, म्हणजे पाच तास. आणि पाच तासांनी उंदीर टिकले! आजऱ्याचे चार तास, तेही उंदीर टिकलेच होते. म्हणजे आजऱ्याच्या पुढं पोचत होतं की रे आपलं औषध! चंदगडपर्यंत नाही, पण मधल्या नेसरीपर्यंत तर नक्की. अरे, मी सगळंच फेकून दिलं, आणि ते बरोबर होतं! आजरासुद्धा बरोबर होतं!"

त्यांचा आवाज तरणा झाला होता. माझ्या डोक्यात कधी हे आलंच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एक खोटं खरं म्हणून घुसडलं. खरं तर त्या आठ उंदरांच्या मेंदूत एक खरी गोष्ट होती, आणि मी वेळ खोटी लिहून तीच मारून टाकली होती.

सरांनी वहीत चंदगडचं पान काढलं. माझ्या त्या झकास अक्षरातल्या सातांच्या शेजारी पट्टीनं एक नवा रकाना आखला. पेनाचं टोपण काढलं.

"हं, सांग. पहिल्या उंदराला किती वाजता दिलंस?"

"चार... चार वाजले असतील सर."

"असतील नको. दुसऱ्याला?"

मी आठवायला लागलो. कधी चार, कधी साडेचार. जेवणाच्या सुट्टीनंतर दिलं तो पाचवा का सहावा? का तिसरा? लंगोट कुठल्या खुंटीला होता ते आठवलं, वस्तादांची शिवी आठवली, उंदरांच्या वेळा आठवेनात. जगात त्या फक्त मलाच ठाऊक असायला पाहिजे होत्या, आणि मला ठाऊक नव्हत्या.

"सर," मी म्हटलं, "अंदाजानं सांगतो. सगळ्यांच्या सांगतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग त्या कोऱ्या रकान्याकडं. बाई दारातच उभ्या होत्या.

"अंदाजानं नको," सर म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.